संथ विज्ञानपट पाहायला बसताना

‘कंटाळवाणा आहे की गुंतवून ठेवणारा, एवढंच सांग.’ संथ विज्ञानपटाचं नाव काढलं की समोरून हा प्रश्न ठरलेला. त्याला एका शब्दात उत्तर नाही. एकाच चित्रपटातून एक जण अर्ध्यात उठून जातो आणि दुसरा संपल्यावरही जागचा हलत नाही, असं मी कितीदा तरी पाहिलंय. दोघांचंही म्हणणं खरं असतं. उठून जाणारा ‘आता पुढे काय होणार?’ याची वाट बघत असतो. बसून राहिलेला ‘इथे काय काय आहे?’ हे न्याहाळत असतो. संथ विज्ञानपट पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार सावकाश देतो, दुसऱ्याचं मात्र क्षणोक्षणी देत राहतो. नवख्या प्रेक्षकाला खरी सवय लावून घ्यायची ती हा प्रश्न बदलण्याची. ती कशी लावायची, ते खाली क्रमाने दिलंय.

सुरुवातीला: वेग कमी का ठेवलेला असतो

हे आधी समजलं तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

अंतराळात बऱ्याच गोष्टी मुळातच सावकाश होतात. दोन यानं जोडायची असतील तर शेवटच्या टप्प्यात एक यान दुसऱ्याकडे सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकतं. घाई केली तर जोडणी होत नाही, टक्कर होते. मंगळाकडे पाठवलेला रेडिओ संदेश पोचायला, तो ग्रह त्या वेळी किती लांब आहे त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. माणसाला जायचं तर कित्येक महिने. बाहेर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. अवकाशात कर्णकर्कश स्फोट आणि गरगर फिरणारी विमानासारखी यानं दाखवणारे चित्रपट मलाही आवडतात, पण अंतराळ खरं कसं आहे हे त्यांत दिसत नाही.

स्टॅन्ली कुब्रिकने १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये ही सावकाशी जशीच्या तशी पडद्यावर आणली. त्यातलं गोल फिरणारं अंतराळ स्थानक आठवा किंवा पहिल्यांदा पाहाल तेव्हा नीट बघा. त्यात शिरणारं यान आधी स्वतः त्याच गतीने फिरायला लागतं. दोघांचा मेळ बसेपर्यंत कॅमेरा थांबलेला असतो आणि मागे योहान स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ वाजत राहतं. स्थानक का फिरतंय हे कोणीही बोलून दाखवत नाही. ते फिरतंय म्हणून आतल्या माणसांना पायाखाली जमीन असल्यासारखं चालता येतं, हे आपलं आपण ओळखायचं. ते ओळखलं की दृश्य एकदम बदलतं: जे नुसतं सुंदर वाटत होतं ते यंत्रशाळेतल्या नाजूक कामासारखं दिसायला लागतं आणि आपण श्वास रोखून बघतो.

दुसरं कारण डोळ्यांचं आहे. खुर्ची दाखवायला अर्धा सेकंद पुरतो, कारण खुर्ची आपल्याला माहीत आहे. पण जी वस्तू कोणीच पाहिलेली नाही ती डोळ्यांत उतरायला वेळ लागतो. ती किती मोठी आहे, कशाची आहे, जिवंत आहे का, हे ठरवायला मन धडपडत असतं. दिग्दर्शक तो वेळ देतो. धावत्या चित्रपटात अनोळखी गोष्ट ओळखीची होण्याआधीच निघून जाते.

पहिला चित्रपट लहान निवडा

‘सगळ्यात श्रेष्ठ कोणता?’ असं विचारून थेट अडीच तासांच्या रशियन चित्रपटाला हात घालणं, ही नवख्यांची सर्रास होणारी चूक. तिथे दमछाक झाली की माणूस या वाटेला पुन्हा फिरकत नाही.

त्यापेक्षा ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ घ्या. १९६२ सालचा, फक्त २८ मिनिटांचा. तो जवळजवळ पूर्ण स्थिर छायाचित्रांचा आहे, वर एका निवेदकाचा आवाज. काळात मागेपुढे जाणाऱ्या माणसाची गोष्ट. सगळी छायाचित्रं थिजलेली, आणि मध्येच एका ठिकाणी झोपलेली बाई डोळे उघडते: तेवढंच एक चित्र हलतं. काही क्षणांचीच गोष्ट, पण तोपर्यंत आपली नजर स्थिरतेला इतकी सरावलेली असते की पापण्यांची ती हालचाल अंगावर काटा आणते. संथपणा काय साधू शकतो हे समजायला मला तरी याहून चांगला अर्धा तास माहीत नाही.

त्यानंतर डंकन जोन्सचा ‘मून’ (२००९, ९७ मिनिटं). चंद्रावरच्या खाणीत तीन वर्षांच्या करारावर एकटा काम करणारा माणूस, घरी परतायला दोन आठवडे उरलेले. यात कथेलाही बऱ्यापैकी ओढ आहे, त्यामुळे हात सुटत नाही. मग दनी विलनव्हचा ‘अरायव्हल’ (२०१६, ११६ मिनिटं): परग्रहावरून आलेल्यांची लिपी उलगडणारी भाषातज्ज्ञ. हे तिन्ही झाले की ‘२००१’. आणि रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्कीचे दोन, ‘सोलारिस’ (१९७२) आणि ‘स्टॉकर’ (१९७९), त्यानंतर. ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) कुठेही बसतो, फक्त १९८२ चा पहिला भाग आधी पाहून घ्या.

आधी किती वाचायचं

दोन ओळी. कोण, कुठे, कशासाठी. बस्स.

शेवटाचा अर्थ उलगडून सांगणारे लेख आणि व्हिडिओ मात्र बघू नका. नव्या प्रेक्षकाला वाटतं की आधी समजून घेतलं तर कंटाळा येणार नाही. होतं उलटंच. उत्तर हातात असलं की प्रत्येक लांब दृश्य म्हणजे ठाऊक असलेल्या मुक्कामापर्यंतचा नुसता प्रवास उरतो. ट्रेलरही टाळा. संथ चित्रपटाचा ट्रेलर त्यातले चार जोरकस क्षण एकत्र बांधून एक वेगळाच चित्रपट तयार करतो, आणि मग आपण तो न आलेला चित्रपट शोधत बसतो.

खोली, आवाज आणि फोन

फोन दुसऱ्या खोलीत. हे उपदेश म्हणून सांगत नाही, त्यामागे साधं गणित आहे. धावत्या चित्रपटात तुम्ही दहा सेकंद मान खाली घातली तरी संवाद कानावर पडत राहतात आणि धागा सापडतो. इथे संवादच नाहीत. दहा सेकंदांत जे बदललं ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि वर बघितल्यावर ‘अजून तेच चाललंय’ असं वाटेल. अर्ध्या लक्षाने पाहिलेला संथ चित्रपट हमखास रटाळ वाटतो.

खोली अंधारी हवी, कारण यांतली बरीच दृश्यं मुळात काळोखी असतात आणि उजेडात पडदा नुसता करडा दिसतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा आवाज. मोठा पडदा नसला तर चालेल, टीव्हीचे बारके स्पीकर मात्र नकोत. साधे पण बरे हेडफोन लावा. ‘२००१’मध्ये यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीराचा फक्त श्वास ऐकू येतो. आत, बाहेर, आत, बाहेर. मिनिटामागून मिनिटं. हळूहळू आपलाही श्वास त्या लयीत पडतो. मग एका दृश्यात तो श्वास अचानक थांबतो आणि उरते पूर्ण निःशब्दता. काय होतं ते इथे सांगत नाही. पण ज्याने तो श्वास नीट ऐकलेलाच नाही, त्याला तो थांबलेलाही कळत नाही, आणि चित्रपटातला सर्वांत भीषण क्षण त्याच्यासमोरून निघून जातो.

वेग दीडपट करून पाहायचा मोह होईल. एवढं एक मात्र कृपा करून करू नका. वेग वाढवला की संवाद कळतात, पण श्वास, पावलं, पाण्याचे थेंब, यंत्रांची घरघर यांचा ताल मोडतो, आणि चित्रपट तर त्या तालावर उभा असतो.

पहिली २५ मिनिटं

‘२००१’मध्ये पहिला संवाद साधारण २५ मिनिटांनी येतो. तोपर्यंत माकडसदृश पूर्वज, कोरडे खडक, एक पाणवठा आणि एक काळी शिळा. ‘स्टॉकर’बद्दल असं सांगतात, की सुरुवात फार संथ आहे अशी तक्रार सरकारी अधिकाऱ्यांनी केल्यावर तार्कोव्हस्कीने ती अजून संथ हवी असं उत्तर दिलं: चुकीच्या चित्रपटाला आलेल्यांना निघून जायला वेळ मिळावा म्हणून.

मला ते उत्तर उद्धट वाटत नाही. बाहेरच्या जगाची घाई आपण सोबत घेऊनच बसतो, ती उतरायला काही वेळ जावाच लागतो. म्हणून पहिल्या २५ मिनिटांत मत बनवू नका. काही ‘समजतंय का’ याची काळजी करू नका. जागा ओळखीची करून घ्या. इथे उजेड कुठून येतो? कोणता आवाज सतत आहे? माणसं एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात? नवीन घरात राहायला गेल्यावर पहिल्या रात्री आपण असंच करतो.

लांब शॉट कसा पाहायचा

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे.

आजच्या मारधाडपटांत एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, बऱ्याचदा पाच सेकंदही टिकत नाही. ‘स्टॉकर’ अडीच तासांहून मोठा आहे आणि त्यात शॉट आहेत फक्त १४२. म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटाहून जास्त. डोळ्यांना जी सवय आहे ती इथे उपयोगाची नाही. शॉट सुरू झाला, पाच सेकंदांत आपण ‘हं, बघितलं’ म्हणतो आणि पुढच्याची वाट पाहतो. उरलेला सगळा वेळ ती वाट पाहण्यात जातो, आणि त्यालाच आपण कंटाळा म्हणतो.

यातलंच एक दृश्य घेऊ. तीन माणसं, एक वाटाड्या, एक लेखक आणि एक प्राध्यापक, रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीवरून निषिद्ध प्रदेशाकडे निघालीत. सुमारे चार मिनिटं. कॅमेरा त्यांच्या डोक्यांना अगदी चिकटून आहे: कधी मान, कधी कान, कधी अर्धा चेहरा. मागून उजाड, भंगारासारखा परिसर अंधुक सरकतो. कोणी बोलत नाही. चित्राचा रंग मातकट तपकिरी.

पहिल्या मिनिटाला ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट ऐका. नेहमीचा, लोखंडाचा, ठराविक. मग चेहऱ्यांकडे या. एक जण डुलकी घेतल्यासारखा, एक आजूबाजूला बघणारा. भीती कोणाला वाटतेय? कोण आधी इथे येऊन गेलंय? तोवर खडखडाटात काहीतरी बदललेलं असतं. प्रत्येक ठोक्याला एक प्रतिध्वनी चिकटायला लागतो. तो हळूहळू वाढतो आणि लोखंडाचा आवाज कधी एदुआर्द आर्तेमियेवच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात विरघळला ते सांगता येत नाही. सीमा ओलांडल्याचं कोणी म्हणत नाही, फलक दिसत नाही. कानांनीच ती ओलांडलेली असते. आणि मग कट: रंगीत, गर्द हिरवं, शांत.

ती चार मिनिटं चाळीस सेकंदांत आवरली असती तर तो हिरवा रंग नुसता हिरवा रंग राहिला असता.

तर अशा शॉटमध्ये नजर अडली की मी तीन ठिकाणी जाते. आधी आवाज: तो जसा सुरू झाला तसाच आहे का? मग चौकटीच्या कडा: मध्यभागी काही घडत नसेल तर कोपऱ्यात घडत असेल. शेवटी चेहरा, तोही बोलणाऱ्याचा सोडून ऐकणाऱ्याचा. या तिन्हींत काहीही सापडलं नाही तर पुढच्या मुद्द्यांकडे वळायचं.

एक गोष्ट राहिली. काही शॉट लांब असतात ते ‘हे कसं केलं?’ असा प्रश्न पडावा म्हणूनही. ‘२००१’मधला अंतराळवीर गोल खोलीत व्यायामासाठी धावतो, भिंतीवरून, छतावरून, पुन्हा खाली. त्यासाठी सुमारे १२ मीटर व्यासाचं खरंखुरं फिरतं चाक बांधलं होतं. नट तळाशी धावत राहायचा, फिरायचं ते चाक. हे माहीत असूनही डोळ्यांची फसवणूक होते, आणि दर वेळी होते.

कंटाळा आलाच तर

येणार. त्यात काही चुकत नाही.

कंटाळ्याची पहिली लाट आली की पाच मिनिटं तिच्यासकट बसून राहा. बऱ्याचदा ती आपोआप ओसरते, आणि त्यानंतरची नजर आधीपेक्षा जास्त टिपते. झोप येत असेल तर मात्र लढू नका, बंद करा आणि ताजंतवानं असताना पुन्हा लावा. रात्री अकराला, दिवसभराच्या कामानंतर ‘सोलारिस’ लावणं हा त्या चित्रपटावर अन्याय आहे.

तुकड्यांत पाहायचं तर पाहा, पण दिग्दर्शकाने जिथे थांबा दिलाय तिथे थांबा. ‘२००१’मध्ये मध्यंतर आहे आणि ते अगदी योग्य जागी आहे. ‘सोलारिस’ आणि ‘स्टॉकर’ दोन्ही दोन भागांत विभागलेले आहेत. पहिला भाग आज, दुसरा उद्या, असं पाहिलं तर काही बिघडत नाही.

खरंच रटाळ असेल तर

हेही सांगायलाच हवं, कारण ‘तुम्हाला कळला नाही’ असं म्हणून नव्या माणसाला गप्प करणारे पुष्कळ भेटतात. संथ असणं हा गुण नाही. संथ आणि पोकळ चित्रपट भरपूर आहेत, आणि ‘गंभीर’ दिसण्यासाठी सगळ्यांना हळू बोलायला लावणारेही.

माझी कसोटी अशी: शॉटच्या विसाव्या सेकंदाला मला पाचव्या सेकंदाहून काही जास्त कळलंय का? आवाज, अंतर, एखादी शंका, काहीही चालेल. कळत असेल तर चित्रपट काम करतोय. वारंवार ‘नाही’ असं उत्तर येत असेल तर दोष तुमचा नाही.

१९७९ चा पहिला ‘स्टार ट्रेक’ चित्रपट घ्या. त्यातलं एंटरप्राइझ यान गोदीत उभं असताना त्याच्याभोवती घातलेली लांबलचक फेरी म्हणजे टीव्हीवरची ‘स्टार ट्रेक’ मालिका पाहून मोठ्या झालेल्यांसाठी भेटीचा सोहळा आहे. दहा वर्षांनी दिसलेलं आपलं घर. मालिका न पाहिलेल्याला ते फक्त एक यान. तिथवर मी दोन्ही बाजू मानते. पण पुढे महाकाय ढगात शिरल्यावर पडद्यावर अजस्र रचना, मग तिच्याकडे बघणारे चेहरे, पुन्हा रचना, पुन्हा चेहरे, असं चालू राहतं आणि त्या चेहऱ्यांवर आपल्याला नवीन काहीच वाचता येत नाही. चित्रपट ठरलेल्या तारखेला प्रदर्शित करण्याच्या घाईत संकलनाला पुरेसा वेळ मिळाला नव्हता. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजची सुधारित आवृत्ती आली ती २००१ मध्ये. कुब्रिकने मात्र पहिल्या खेळांनंतर लगेच स्वतःच्या चित्रपटातून सुमारे १९ मिनिटं कापली. संथ चित्रपटालाही कात्री लागते, आणि चांगल्या दिग्दर्शकाला ती कुठे लावायची हे कळतं.

कसोटीवर चित्रपट सतत नापास होत असेल तर तासाभराने बंद करा. अपराधी वाटून घेऊ नका.

संपल्यावर, आणि दुसऱ्यांदा

नावं वर सरकत असताना लगेच फोन उचलून ‘अर्थ’ शोधू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कोणतं दृश्य आठवतंय ते बघा. बहुतेकदा ते कथेतल्या वळणाचं नसतं, तुम्हाला लांबल्यासारखं वाटलेलंच असतं.

‘सोलारिस’मध्ये एक माणूस गाडीतून शहराकडे जातो. पाचेक मिनिटं नुसता रस्ता, बोगदे, उड्डाणपूल. चित्रीकरण टोकियोचं. पहिल्यांदा पाहताना तो भाग मी पुढे ढकलला होता. काय असणार त्यात, गाड्याच तर आहेत. मग पुढचा सगळा चित्रपट मला सपाट वाटला आणि का ते कळेना. काही वर्षांनी न ढकलता पाहिला. बोगद्यामागून बोगदा जातो तसा आवाज साठत जातो, गाडीतला माणूस विचारात बुडालेला, चित्र कधी रंगीत कधी रंगहीन, आणि शेवटी रात्रीचं शहर, असंख्य दिव्यांचे प्रवाह एकमेकांवरून वाहताहेत, गोंगाट असह्य झालाय, आणि त्या टोकाला एका झटक्यात कट होतो नायकाच्या वडिलांच्या घराजवळच्या झाडापाण्यावर. शांतता. नायक दुसऱ्या दिवशी ही पृथ्वी सोडून जाणार आहे. ती शांतता किती मोलाची आहे हे त्याला कळलंय की नाही, कोण जाणे. मला कळली, कारण त्याआधीची पाच मिनिटं या वेळी मी पूर्ण ऐकली होती.

तुम्ही ‘सोलारिस’पर्यंत पोचाल तेव्हा त्या रस्त्यावर आवाज कमी करू नका.